शाळेत झाडू कोण मारतं?

दांडियाबझारकर
मंगळवार, रात्री ९:५०

मंडळी, सध्या घरात एकच विषय चालू आहे. बहिणीच्या मुलीला पहिलीत कुठे घालायचं? गुजराती माध्यम की इंग्रजी, सीबीएसई की गुजरात बोर्ड, बडोद्याच्या गोत्री भागातली नवी शाळा की घराजवळची जुनी? मेहुण्यांनी एक्सेल काढलंय. फी, अंतर, बस, दहावीचा निकाल, वर्गात एसी आहे का, सगळ्याचे रकाने आहेत. पोर तिथे दिवसभर नक्की काय करणार याचा रकाना मात्र नाही.

ते बघता बघता सुचलेलं लिहितो. पटलं नाही तर झोडा.

माझं म्हणणं असं की एखाद्या देशाला मनापासून काय हवंय ते त्याच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. पुस्तकं सगळीकडे सारखीच शहाणी असतात. खरं बोला, झाडं लावा, मिळून मिसळून राहा. अभ्यासाखेरीज शाळा मुलांचा वेळ कशात घालवते, सरकार कशावर पैसा ओततं आणि मुलांना शिक्षा कशाबद्दल होते, हे पाहिलं की काय ते कळतं.

फ्रान्स घ्या. शाळा संपताना बाकालोरेआची परीक्षा असते, नेपोलियनच्या काळातली, १८०८ सालापासूनची. तिच्यात तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी न्याय म्हणजे काय, माणूस स्वतंत्र आहे का, असल्या प्रश्नांवर पानंच्या पानं लिहायची. त्याच देशात २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत हिजाब, पगडी, मोठा क्रॉस घालून यायला बंदी आहे. वाद घालायला आत या, धर्म दाराबाहेर ठेवा. आवडो न आवडो, त्यांना कसला नागरिक पाहिजे ते स्वच्छ दिसतं.

दक्षिण कोरियात नोव्हेंबरमध्ये कॉलेज प्रवेशाची परीक्षा असते. त्या दिवशी ऑफिसं उशिरा उघडतात, उशीर झालेल्या पोरांना पोलीस गाडीतून केंद्रावर सोडतात, आणि इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना सुमारे अर्धा तास देशभर एकही विमान उडत नाही की उतरत नाही.

अमेरिकेत सकाळी झेंड्यासमोर छातीवर हात ठेवून शपथ म्हणतात. पण ती म्हणायची सक्ती मुलांवर करता येणार नाही, असं त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात सांगून टाकलं. आणि त्याच अमेरिकेत शाळेचा बराचसा पैसा त्या त्या भागाच्या घरपट्टीतून येतो, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत. मला तर दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातल्या वाटतात. माझं मला, तुझं तुला.

जपानमध्ये मुलं स्वतः शाळा झाडतात-पुसतात हे तर व्हॉट्सॅपवर दर पंधरा दिवसांनी येतंच.

आता आपण. दहावी-बारावीच्या पहिल्या पेपरला आपल्या गुजरातेत केंद्राच्या दारात कुंकवाचा टिळा, गुलाबाचं फूल, तोंड गोड करायला काहीतरी, एखाद्या केंद्रावर मंत्री स्वतः हजर. घरून निघताना दही-साखर झालेलीच असते. पहिलीच्या प्रवेशोत्सवानंतर एवढा थाट थेट त्याच दिवशी. मधली नऊ वर्षं मुलं शाळेत काय करत होती याचं कोणाला पडलेलं नसतं.

काय वाटतं? शाळेवरून समाज ओळखता येतो का?


चिवडा_लीलो
मंगळवार, रात्री १०:०४

मेहुण्यांचं एक्सेल इथे टाका ने. निम्म्या बडोद्याला त्याचीच गरज आहे.


मोगरा
मंगळवार, रात्री ११:३८

जपानबद्दल थोडं सांगू शकते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं नागोयाला होतो, आणि मुलगा तिथल्या साध्या सरकारी प्राथमिक शाळेत जायचा.

शाळा सुरू होण्याआधी सामानाची यादी आली. त्यात दप्तर, आत घालायचे वेगळे बूट, आणि ‘झोकिन’. म्हणजे जुना टॉवेल दुमडून, कडेने आणि मध्ये फुलीसारखी शिवण मारून केलेलं पुसायचं फडकं. दुकानात तयार मिळतं, पण मी हाताने शिवलं. जेवणानंतर स्पीकरवर गाणं लागतं की सफाई सुरू. बाकं मागे सरकवायची, झाडून घ्यायचं, मग पोरं ओळीने फडकं जमिनीवर ठेवतात, दोन्ही हात त्यावर टेकवतात, ढुंगण वर, आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटतात. शर्यतच असते. आपल्याकडे पोरांना ‘फरशी पूस’ म्हटलं की तोंड होतं, तिथे गुडघे फुटेस्तोवर पुसत होती.

व्हिडिओत सांगतात तसं शाळेत कर्मचारी नसतातच असं मात्र नाही. दुरुस्ती, बाग, मोठी सफाई यांना माणसं असतात. मुलांची सफाई ही पैसे वाचवायला नाही, ती वेळापत्रकातच आहे, गणितासारखी.

मला त्याहून जास्त लक्षात राहिलं ते जेवण. वर्गातच जेवायचं, बाईही तिथेच, तेच जेवण. वाढायची पाळी असते. पाळीतली मुलं पांढरा एप्रन, टोपी, मास्क घालून मोठाले डबे उचलून आणतात आणि सगळ्यांना वाढतात. सगळ्यांच्या पुढ्यात ताट आल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. दूध पिऊन झालं की खोकं उघडून, धुऊन, चपटं करून रचायचं. आणि शुक्रवारी तो एप्रन पिशवीत घालून घरी येतो. आपण तो धुवायचा, इस्त्री करायची, सोमवारी पुढच्या पाळीच्या मुलासाठी परत पाठवायचा. एप्रन कोणाच्याच मालकीचा नसतो. माझ्या मुलाने कोणाच्या आईने इस्त्री केलेला घातला आणि मी केलेला कोणी घातला, कधी कळलं नाही.

अडचणी होत्याच. आम्ही शाकाहारी. महिन्याचा मेनू कागदावर यायचा आणि मी पेन घेऊन बसायचे, कारण साध्या भाजीच्या सूपमध्येही माशाचं पाणी. मग आमचा डबा वेगळा. बाई चांगल्या होत्या, नीट समजून घेतलं, पण ‘सगळ्यांसारखं नाही’ हे त्या वर्गात जितकं जाणवतं तितकं इथे जाणवलं नसतं.


खंडेराव_मार्केट
बुधवार, सकाळी ७:१५

जपानचं कौतुक ऐकून कान किटले. झाडू दिसतो, कात्री दिसत नाही कोणाला. ओसाकाच्या एका मुलीचे केस जन्मतः तपकिरी होते. शाळेने सांगितलं, काळे रंगवून ये. का? तर नियम. २०१७ मध्ये ती कोर्टात गेली तेव्हा जगाला कळलं. टोकियोच्या सरकारी हायस्कुलांनी असले नियम काढून टाकले ते २०२२ मध्ये.

तेव्हा धाग्याची कल्पना बरोबर, पण मग दोन्ही बाजू मांडा. एकसारखा एप्रन आणि एकसारखे केस एकाच कपाटातून येतात.


मोगरा
बुधवार, सकाळी ८:०२

@खंडेराव, मान्य. मी शेवटी तेच लिहिलंय, तुम्ही जोरात लिहिलंत एवढंच.


अलकापुरी_एक्सप्रेस
बुधवार, सकाळी ११:२०

मी आयटीत आहे, एक मुलगा अकरावी सायन्सला. स्पष्टच लिहितो. झाडू, सूप, तत्त्वज्ञान हे सगळं ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्यासाठी. कोरियावर इतके हसता, पण युद्धानंतर उद्ध्वस्त झालेला तो देश शिक्षणाच्या ध्यासावरच इथवर आला ना? आपल्या मध्यमवर्गाकडे शेतं नाहीत, दुकानं नाहीत, ओळखी नाहीत. पोराकडे एकच गोष्ट असते, मार्क. बडोद्याच्या मराठी घरांना हे कोणी सांगायला नको. इथे आपले आजोबा कारकुनी आणि मास्तरकी याच भांडवलावर तर उभे राहिले.

आणि ते फिनलंड इथे कोणी आणायच्या आत सांगतो. पीसा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००६ मध्ये त्यांचे गणितात ५४८ गुण होते, २०२२ मध्ये ४८४. त्याच २०२२ मध्ये सिंगापूर ५७५. लाडाने काय होतं ते बघा, शिस्तीने काय होतं तेही बघा.


दांडियाबझारकर
बुधवार, दुपारी १:४५

अलकापुरी, आकडे बरोबर आहेत. पण सिंगापूरचं अर्धंच सांगितलंत. त्यांनी २०१९ पासून प्रगतिपुस्तकातला वर्गातला नंबर काढून टाकला, आणि सहावीच्या मोठ्या परीक्षेतली गुण एकमेकांशी ताडून द्यायची पद्धत २०२१ मध्ये बदलली. पहिला नंबर लागलेलाच देश म्हणतोय की हे फार झालं.

आणि पीसाचं निघालंच आहे तर, आपल्याकडून २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल बसले होते. यादीच्या तळाला आले. त्यानंतरच्या फेऱ्यांना आपण गेलोच नाही. नापास झाल्यावर परीक्षेलाच न बसणं, हीही आपली संस्कृती म्हणायची का?


चिवडा_लीलो
बुधवार, दुपारी १:५१

आमच्या घरात तरी हीच होती.


निवृत्त_मास्तर
बुधवार, रात्री ९:१०

चर्चा छान चालली आहे. पण दांडियाबझारकर, तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे की आधी समाज, आणि शाळा त्याच्या मागून त्याच्यासारखी. या गावात राहून असं कसं म्हणता?

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात, तेव्हा तो बडोदा संस्थानात होता, मोजक्या गावांमध्ये प्रयोग म्हणून प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९०६ मध्ये सबंध संस्थानात. मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १०. पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड. समाजाने हे मागितलं होतं का? कोणी अर्ज घेऊन आलं होतं का? ढोरं कोण वळणार, धाकटं भावंड कोण सांभाळणार, हा त्या वेळच्या कुणब्याचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी, शाळा उघडल्या तेव्हा सवर्ण हिंदू शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात. मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमून त्या चालवाव्या लागल्या. म्हणजे शाळा समाजासारखी नव्हती. शाळा समाजाच्या अंगावर धावून गेली होती.

उलट उदाहरणही देतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात मांडलं. बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होताच. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकारी सभासद विरोधात, आणि बडे जमीनदारही. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा असं लेखी मांडलं होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केलं. उरलेल्या देशात ६ ते १४ च्या मुलांचा तो कायदेशीर हक्क अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. बडोद्यानंतर शंभरावर वर्षांनी.

आता ‘आम्हा बडोदेकरांना पहिल्यापासून शिक्षणाची आवड’ असं लग्नाच्या पंगतीत छाती काढून सांगतात, तेव्हा मला गंमत वाटते. आवड नंतर आली. आधी दंडाची नोटीस आली होती.

अर्थात नुसत्या दंडाने झालं नाही. बाराव्या वर्षी शाळा सुटलेलं पोर वाचायला काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतं, हे त्या माणसाला कळलं. म्हणून अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला १९१० मध्ये आणलं, गावोगाव वाचनालयं काढली, जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी त्याच खटाटोपातली. तिथले काचेच्या फरशीचे मजले नवीन पोरांनी एकदा तरी बघावेत. मराठी-गुजराती दोन्हींत पुस्तकमाला छापल्या, कारण सक्ती केली तर पुढे वाचायलाही दिलं पाहिजे.

एक मात्र तुमच्या बाजूचं. मुलींना १० आणि मुलग्यांना १२ का? तिथे महाराजांनाही समाजापुढे दोन पावलं मागे यावं लागलं. मुलगी मोठी दिसायला लागली की घरात. कायदा कुठे वाकला ते बघितलं की समाज दिसतो, तुमच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे.


खंडेराव_मार्केट
बुधवार, रात्री ९:३०

मास्तर, एक नंबर. लग्नाच्या पंगतीचं तर अगदी आमच्या काकांनाच लागू.


स्टुटगार्टचा_बंड्या
बुधवार, रात्री ११:५५ (इथे संध्याकाळ आहे)

मूळचा कारेलीबागचा, सध्या जर्मनीत. मास्तरांच्या मुद्द्याला इथलं एक उदाहरण जोडतो.

इथे बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत सगळी मुलं एका शाळेत. चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, वाटा फुटतात. एक वाट विद्यापीठाकडे, बाकीच्या हातकामाकडे आणि मधल्या नोकऱ्यांकडे. शाळा शिफारस करते. दहा वर्षांच्या पोराचं भविष्य! आपल्या लोकांना ऐकून घाम फुटतो, मलाही फुटला. शेजारच्या घरात त्या शिफारशीच्या आठवड्यात सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

पण आधीची गोष्ट अशी की ही पहिली चार वर्षंसुद्धा एकत्र नव्हती. पैसेवाल्यांची मुलं फी भरून वेगळ्या तयारीच्या शाळेत जायची. १९२० च्या कायद्याने, राजेशाही गेल्यावर, चार वर्षं सगळ्यांना एका बाकावर बसवलं. ते टिकलं. मग २०१० मध्ये हाम्बुर्गने चारची सहा करायचं ठरवलं, तर सुखवस्तू पालकांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवून आणलं आणि ते पाडलं. म्हणजे मास्तरांचा कायदा कधी जिंकतो, कधी समाज त्याला घरी पाठवतो.

हातकामाबद्दल मात्र मत बदललं माझं. इथे प्लंबर, सुतार, बेकरीवाला यांचं शिक्षण तीनेक वर्षांचं, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात पगारावर, बाकी दिवस शाळेत. अशा तीनशेच्या वर मान्य व्यवसाय आहेत. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेला गडी स्वतःच्या कामाबद्दल ज्या तोऱ्यात बोलला, तसं आपल्याकडे फक्त डॉक्टर बोलतात.

आणि अलकापुरीकर, मार्क हेच भांडवल म्हणता ना? आपल्याच गावात १८९० मध्ये कलाभवन निघालं. त्रिभुवनदास गज्जरांनी उभं केलेलं, रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, तेही देशी भाषेत शिकवायचं म्हणून. दादासाहेब फाळके काही काळ तिथे होते. आज त्याच वास्तूत इंजिनीयरिंग फॅकल्टी आहे आणि तिथे प्रवेश कशावर मिळतो? हातावर नाही, मार्कांवर.


अलकापुरी_एक्सप्रेस
गुरुवार, सकाळी १०:४०

बंड्या, तुझ्या प्लंबरचा तोरा त्याला मिळणाऱ्या पगारातून आणि विम्यातून येतो. इथल्या प्लंबरला ते द्या, मी माझ्या मुलाला उद्या पाठवतो. उगाच ‘कष्टाची प्रतिष्ठा’ शाळेत शिकवून काय उपयोग, बाहेर ती मिळत नसेल तर? पालक मूर्ख नसतात. बाजार काय देतो ते बघून ते शाळा निवडतात.

मास्तरांनी सांगितलेल्या कायद्याचंही तेच. चीनने २०२१ मध्ये एका फटक्यात खासगी क्लासेस आवळले. शाळेच्या विषयांचे क्लास नफ्यासाठी चालवायचे नाहीत, शनिवार-रविवार बंद. काय झालं? क्लास घरात घुसले, ‘आया’ म्हणून शिक्षक ठेवायला लागले, फी वाढली. तिथल्यासारख्या सरकारला जमलं नाही, आणि आपण इथे मूल्यांच्या गप्पा मारतोय.


दांडियाबझारकर
गुरुवार, दुपारी १२:१५

हे उदाहरण माझ्या मूळ म्हणण्याच्या बाजूचं आहे, तरी त्यावर मी मास्तरांच्या बाजूने बोलणार आहे.

चीनने क्लास बंद केले, पण जूनमधली ती एक प्रवेशपरीक्षा होती तशीच ठेवली. तहान तीच, फक्त नळ बंद. बडोद्यात उलट होतं. सक्ती केली, पण सोबत गावात शाळा दिली, फी माफ केली, नंतर वाचनालय दिलं. पोराचा दिवस काढून घेतला आणि बदल्यात काहीतरी हातावर ठेवलं. फिनलंडनेही तसंच केलं. सगळ्यांना एकच शाळा हा कायदा १९६८ चा, पण तो अमलात आणायला १९७२ ते ७७ घेतले, सुरुवात उत्तरेकडच्या दुर्गम भागातून, राजधानी सगळ्यात शेवटी. तोवर शिक्षकांचं शिक्षण वाढवत नेलं, पुढे वर्गशिक्षकाला मास्टर्सची पदवी लागायला लागली. दुपारचं जेवण तर १९४८ पासूनच फुकट, श्रीमंताच्या पोरालाही तेच. अलकापुरी, त्यांचे गुण घसरले हे खरं, पण म्हणून त्यांनी जेवण बंद केलेलं नाही की मुलांना चौथीत वेगळं काढलेलं नाही. गुण खाली गेल्यावर एखादा देश काय सोडत नाही, तेही बघा.


तिसरा_बाक
गुरुवार, रात्री १०:२५

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. मी बडोद्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. मराठी माध्यम, पट कमी होत चाललेला. वर्गात मराठी घरातली मुलं आहेत, तशीच खानदेशातून कामाला आलेल्यांची, आणि दोन-तीन हिंदी बोलणारीही.

मोगराताई, तुम्ही लिहिलेलं जपानचं मी करून पाहिलंय. कुठल्या व्हिडिओवरून नाही, आपल्याकडेही ती रीत होती. गांधीजींच्या नव्या तालमीच्या, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या शाळांत, आश्रमशाळांत मुलं झाडतात, स्वयंपाकाला हात लावतात. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात मुलं स्वतःची कामं स्वतः करत, आणि तिथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तेच पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी पोरांपर्यंत नेलं. तेव्हा मला वाटलं, सोपं आहे.

पाळ्या लावल्या. हजेरीपटाप्रमाणे. आमच्या पटावर आधी मुलगे, मग मुली. पहिल्या आठवड्यात मुलग्यांची पाळी. त्यांनी बादल्या उचलल्या, कारण बादलीला वर्गाबाहेर जाता येतं, आणि झाडू शेजारच्या मुलींच्या हातात दिला. मुलींनी घेतला. कोणी कोणाला काही बोललं नाही, मारामारी नाही, रुसवा नाही. इतकं सहज झालं की मी वही तपासत बसले असते तर मला कळलंही नसतं. मग पाळी बाकाप्रमाणे लावली. एका बाकावरची सगळी मुलं, आणि त्यातला झाडू कोणी घ्यायचा हे चिठ्ठी टाकून.

त्यावर दोन पालक आले. एक वडील, म्हणाले, “आमचा पोरगा झाडू मारायला येतो का शाळेत?” ते अपेक्षित होतं, त्यांना उत्तर तयार होतं. दुसरी आई. चार घरची धुणीभांडी करते. ती शांतपणे म्हणाली, “बाई, मी दुसऱ्याची घरं झाडते ती हिने झाडू नये म्हणून. तुम्ही शाळेतपण तेच देताय.” वाक्य तेच, पण तिला काय सांगायचं हे मला आजही नीट ठरवता येत नाही. जपानमध्ये झाडू सगळ्यांच्या हातात असतो म्हणून तो नुसता झाडू असतो. इथे तो कोणाच्या हातात होता हे त्या आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिच्या मुलीची पाळी मी काढली नाही. काढली असती तर ती एकटी वेगळी पडली असती. पण तिच्या बाकावर ज्याचे वडील मोटारीतून सोडायला येतात असा मुलगा बसवला, आणि पहिली चिठ्ठी त्याची निघेल एवढं मी बघितलं. हो, लबाडी केली.

जेवणाचं थोडं. गुजरातमध्ये मध्यान्ह भोजन १९८४ पासून आहे, देशभर १९९५ नंतर आलं. आमच्याकडे मुलं ओळीत बसून एकत्र जेवतात आणि हे मी लहान समजत नाही. दलित बाईने रांधलं म्हणून पोरांना उठवून नेल्याच्या बातम्या अजून कुठून ना कुठून येतात, तेव्हा शेजारी बसून खाणं हीच मोठी शाळा आहे. पण एक आपल्या गुजरातचं खास, तिथिभोजन. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी, तर ते शाळेला गोडाचं जेवण देतात. मुलं खूश, आम्हीही. फक्त त्या दिवशी दाता येतो, फोटो निघतात, आणि मुलांनी हात जोडून आभार मानायचे असतात. जपानमध्ये बरीच वर्षं जेवणाचे पैसे पालक भरत आले, फिनलंडमध्ये कराचे पैसे, तिथे आभार रांधणाऱ्याचे. इथे दात्याचे. दांडियाबझारकर, तुम्ही विचारलंत ना शाळेवरून समाज ओळखतो का? आम्ही देणारे चांगले आहोत. मागायचा हक्क असलेलं पोर मात्र आम्हाला उद्धट वाटतं.


मोगरा
गुरुवार, रात्री १०:५८

तिसरा_बाकताई, त्या आईचं वाक्य वाचून थांबले. माझ्या मुलाची फडक्याची शर्यत मी किती सहज लिहून गेले. नागोयात आम्ही परके होतो, पण झाडूच्या बाबतीत कोणी आम्हाला ओळखत नव्हतं, हे आत्ता लक्षात येतंय.


निवृत्त_मास्तर
शुक्रवार, सकाळी ६:४०

बाई, ही लबाडी चालू ठेवा. माझ्या नोकरीत मी पाळी कधी बदलली नाही, हजेरीपटानेच लावली, आणि मुलींनी न सांगता झाडू घेतला की त्याला ‘संस्कार’ म्हणत आलो.

एक सुचवतो. वाढायची पाळी सुरू करून बघा, झाडूआधी. आपल्याकडे झाडू हे खालचं काम, पण वाढणं मानाचं. पंगतीत वाढायला पुढे होणाऱ्याला कोणी हलकं समजत नाही. एप्रनऐवजी नुसती टोपी चालेल.


तिसरा_बाक
शुक्रवार, दुपारी २:१०

मास्तर, वाढायची पाळी आवडली. गरम डाळीचं भांडं लहान मुलांना देता येणार नाही, पण शेवटच्या दोन इयत्तांना खिचडी-भाजी जमेल. सोमवारी मुख्याध्यापकांना विचारते. वडील मंडळी त्यावर भांडायला येतील असं वाटत नाही. कोण कोणाच्या हातचं घेत नाही, तेही पहिल्याच दिवशी कळेल.


खंडेराव_मार्केट
शुक्रवार, दुपारी ३:३०

मग शेवटचं विचारतो, हो की नाही तेवढं सांगा. जपानी पोरं शाळेचं संडासही धुतात. तुमच्या वर्गाने धुवावं का?


तिसरा_बाक
शुक्रवार, रात्री ८:४५

नाही. जपानमध्ये ती यादी सगळ्या वर्गावरून फिरते. इथे ती फिरायला लागली की कुठल्या आडनावांपाशी जाऊन थांबते ते मी पूर्वीच्या एका शाळेत पाहिलंय, आणि तिथे पाळी लावणारे वाईट नव्हते, नुसते घाईत होते. सफाईला बाई येतात, त्या आल्या नाहीत तर मी आणि शेजारच्या वर्गाच्या बाई पाणी टाकतो. मुलं बघतात, मदत करू का विचारतात. बादली भरून द्या म्हणते, आत येऊ देत नाही.